पायाळूचा पाय

सानगडीत कोणाच्या पाठीत चमक भरली की माणूस दुसरीकडे कुठे जात नसे. एक हात कमरेवर, एक भिंतीला, असा सरकत सरकत तो वच्छलेच्या दारात येई आणि "पायाळू आहे का घरी?" एवढंच विचारी. वच्छला पायाळू होती, म्हणजे आईच्या पोटातून डोक्याऐवजी पायांनी बाहेर आलेली. तिचं माहेर नाकाडोंगरीचं. तिथल्या सुईणीने तेव्हाच सांगून ठेवलं होतं, पोर वाचली, आता हिचा पाय लोकांच्या कामी येईल. पुढे लग्न होऊन ती सानगडीला आली, तेव्हा नवरी काळी की गोरी हे कोणी विचारलं नाही. नवरी पायाळू आहे ही बातमी वरातीच्या आधीच गावात पोचली होती.

रीत साधी होती. दुखणाईताने सकाळी, पाण्याचा घोटही न घेता, उंबरठ्याबाहेर पालथं निजायचं. वच्छलेने हातातलं काम ठेवून यायचं, उंबरठ्याच्या आतूनच डावा पाय दुखऱ्या जागेवर टेकवायचा, थोडा भार द्यायचा आणि विचारायचं, "गेली का?" खालच्याने म्हणायचं, "गेली." मग त्याने उठावं आणि मागे न बघता, उपकाराचा शब्द न काढता चालू पडावं. उपकार मानले तर चमक परत येते, आणि "नाही गेली" म्हटलं तर पायाळूचा गुणच जातो, असा समज. त्यामुळे इतक्या वर्षांत त्या उंबरठ्यावर "नाही गेली" हे शब्द कोणी उच्चारले नव्हते. माणसं "गेली" म्हणत, दात दाबून उठत, वाकडी वाकडी घरी जात आणि पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत धानाच्या बांधीत उभी दिसत. कधी भार देताना पाठीत कट्‌ असा आवाज येई. मग तर बघणारे माना डोलवत, हाड बसलं म्हणत. वच्छलेलाही तसंच वाटे. त्यात तिला मोठेपणा वाटत नव्हता. देवाने कोणाला गळा दिला, कोणाला हात दिला, आपल्याला पाय दिला, अशी तिची समजूत.

गळा तिच्या नवऱ्याला दिला होता. यादोराव शेतकरीच, पण आसपासच्या गावांत त्याला ओळखत ते कीर्तनकार म्हणून. माघात सप्ताह बसला की शेवटच्या दिवसाचं कीर्तन त्याचंच. कपाळाला बुक्का, खांद्यावर धुतलेलं उपरणं. उभा राहिला की आधी डोळे मिटून नुसता एक सूर धरायचा. मृदंगवाला त्या सुराखाली हळूच थाप सरकवी, आणि बायका मांडीवरची लेकरं सावरून बसत. देवाची गोष्ट सांगता सांगता तो धानाच्या रोवण्याच्या चिखलात उतरे, चिखलातून एकदम वैकुंठात जाई, आणि टाळकऱ्यांनी नामाचा गजर उचलला की मांडवाचे बांबूही त्यात सामील झाल्यासारखे वाटत. वच्छला बायकांत मागे बसे. ते ऐकताना तिला दिवसभराच्या कामाचा विसर पडे, घरी चूल थंड आहे ह्याचाही. नवरा आपला, पण तिथे उभा राहिला की सगळ्यांचा, आणि ह्याचंच तिला सुख होतं.

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं, त्या हंगामात त्याची पाठ धरली. धान चुरून पोती घरात येत होती. एक पोतं पाठीवर घेताना तो मधेच थांबला, पोतं खाली सोडलं आणि हसून म्हणाला, चमक भरली वाटते. सगळ्यांनाही तेच वाटलं. यादोरावाचा धाकटा भाऊ तेजराम त्याच घरात राहत होता. त्याने दादाला धरून ओसरीवर आणलं, गरम विटेचा शेक दिला. आता उंबरठ्यावर पालथं निजायचं तेवढं राहिलं होतं, आणि तेच होणार नव्हतं.

कारण बायकोचा पाय नवऱ्याला लागू नये. चुकून लागला तरी तिने वाकून नमस्कार करायचा, असं घर. वच्छलेची सासू सत्यभामाबाई. तिला वच्छला मामी म्हणे. मामी तिरसट नव्हती. सून आजारी पडली तर सुनेची वेणी स्वतः घालणारी बाई ती. पण ह्या बाबतीत तिने एकदाच सांगून टाकलं.

"अख्ख्या गावाले लाथा घाल, बाई, माया काही म्हणणं नाई. माया लेकाच्या पाठीले तुया पाय लागला, तर हे घर बुडन."

यादोरावाचंही मत वेगळं नव्हतं. तो थट्टेवारी नेई. म्हणे, चमकच आहे, येते तशी जाते. पण गेली नाही. गावातली माणसं येत, वच्छलेच्या पायाखाली निजत, "गेली" म्हणत आणि जात, आणि ओसरीवर त्यांच्याकडे पाठ करून यादोराव कुशीवर पडलेला असे. शेजारची कौशल्याबाई तोंडाची फटकळ. बोडीवर, म्हणजे गावच्या तळ्यावर, धुणं धुताना ती म्हणाली, "तुया घरच्याले तर पाय घरातच होता ना व, न्‌ तोच वाकून चालून राहिला." बाकीच्या हसल्या. वच्छलाही हसली. घरी येताना ओल्या धुण्याची पाटी डोक्यावर घेऊन तिला आपल्या डाव्या पायाचा राग आला. औषध आपल्या अंगालाच जोडलेलं, आणि ते नेमकं हातभर अंतरावरून परत न्यायचं.

तेजरामाने मग साकोलीचा गोमाजी धरला. गोमाजी जुना पहिलवान, उतरलेले खांदे बसवायचा, माना मोडायचा. त्याने यादोरावाला फळीवर पालथं घातलं, पाठीत गुडघा रोवला आणि दोन्ही खांदे मागे ओढले. कटकट आवाज आले, एकामागून एक. दारात जमलेली माणसं खुश झाली. जितके आवाज तितकी हाडं जागेवर आली, असा त्यांचा हिशेब. खरंच यादोराव त्या दिवशी ताठ चालत एस.टी.पर्यंत आला. घरी आल्यावर मामीने त्याच्यावरून मीठमिरच्या उतरवल्या. पण नंतर दुखणं असं परतलं, की त्याला खोकायचीही भीती वाटू लागली. पुन्हा नेलं तर गोमाजीने पाठीला हात लावून काढून घेतला. म्हणाला, "घरी पायाळू असून मायाकडे कायले आणता? पयला मान घरच्या पायाचा. ते करा, मग पाहू."

म्हणजे फिरून सगळं वच्छलेच्या पायाशीच आलं.

हिवाळाभर यादोराव वाळत गेला. संध्याकाळी अंग कोमट लागे. मामी म्हणे, पडून पडून येते तशी कणकण. तेजराम भंडाऱ्याला नेऊ म्हणाला, तर मामीने कानांवर हात ठेवले. दवाखान्यात पाठीत सुई घालतात आणि पाय कायमचे जातात, हे तिने कोणाकडून तरी ऐकलं होतं. आणि नसबंदीच्या धरपकडीची धास्ती अजून लोकांच्या मनातून गेली नव्हती. धडधाकट माणसंही दवाखान्याच्या फाटकापासून लांबून जात. शिवाय मामीचं म्हणणं असं, की चमक हे काही दवाखान्याचं दुखणं नव्हे. अगदीच काही अडलं तर घरात पाय आहेच. तो पाय शिल्लक होता म्हणून दवाखान्याची गरज नव्हती, आणि तो पाय ठेवायचा तर नव्हताच. मामीला ह्यात काही चुकीचं दिसत नव्हतं. वच्छलेलाही बरेच दिवस दिसलं नाही.

माघातल्या सप्ताहाला यादोराव हट्टाने उभा राहिला. मांडवाच्या खांबाला टेकून त्याने निम्मं कीर्तन केलं, मग बसून उरलेलं केलं. गळा तसाच होता. माणसं म्हणाली, आज वेगळंच गायला बुवा. वच्छला त्याच्या आधी घरी येऊन दारात कंदील धरून उभी होती. तेजरामाच्या खांद्यावर हात टाकून तो आला, आणि तिने पाहिलं, उजव्या पायात चप्पल होती, डाव्या पायात नव्हती. अंगठ्याला ठेच लागून रक्त आलं होतं.

"चप्पल कुठं गेली तुमची?" तिने विचारलं.

त्याने खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, राहिली असेल मांडवात.

चप्पल मांडवात नव्हती, वाटेत पडली होती. म्हणजे तो ती घालून निघाला होता. तिने अंगठ्याचं रक्त पुसलं, हळद दाबून भरली. तो तेजरामाशी मृदंगाच्या शाईबद्दल बोलत होता. हळद झोंबली असं त्याच्या तोंडावर कुठे दिसलं नाही.

पुढच्या काही दिवसांत त्याचं चालणं सुटलं. पाय जड झालेत, म्हणाला, धानाच्या तणसाने भरल्यासारखे.

त्या दिवशी दुपारी मामी देवळात पोथीला गेली होती. कौशल्याबाईही तिच्याबरोबर होती. तेजराम बैल घेऊन शेताकडे. वच्छला तांदूळ निवडत बसली होती. गोधडीवरून यादोरावाने तिला हाक मारली.

"वच्छला, ठेव आता."

काय, हे तिने विचारलं नाही. तो छताकडे बघत बोलत होता, कीर्तनात बोलावं तसं, पण हळू. म्हणाला, ऋषीनं देवाच्या छातीवर लाथ मारली, तर देवानं उलट त्याचे पाय चेपले, तुले लागलं तर नाई म्हणे. हे मी वर्षानुवर्षं लोकाइले सांगून राहिलो. सांगताना रडतो न्‌ घरी आलो का विसरतो. देवाले चालते तर मी कोण लागून गेलो?

वच्छलेने उठून त्याच्या पावलांवर डोकं ठेवलं. मग त्याच्या कमरेखाली हात घालून त्याला पालथं केलं. पाठीच्या मधोमध कण्याचा एक मणी वर आल्यासारखा दिसत होता. उघडी पाठ तिने दिवसाउजेडी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. ती उभी राहिली, एका हाताने खांब धरला आणि डावा पाय त्या मण्याजवळ टेकवला. भार दिलाच नव्हता, तरी तो कळवळला. इथंच आहे, म्हणाला. तिने पाय उचलला. दुखणं कमरेतून पायांत उतरतं असं तो नेहमी सांगे, म्हणून तिने पाय कमरेच्या खाली ठेवला आणि गावातल्या माणसांना देई तेवढा भार दिला.

तो काही बोलला नाही. ती थांबली.

"ठेव ना," तो म्हणाला. "वाट कायची पाहून राहिली? पाप लागलं तर अर्धं माझं."

तिचा पाय त्याच्या अंगावर होता. तिने तो मांडीवर सरकवला, मग पोटरीवर. पोटरीवर उभीच राहिली म्हणायला हरकत नाही. त्याने मान वळवली नाही.

"माय येईल पोथीहून. ठेव लवकर."

वच्छलेने पाय काढला आणि जमिनीवर टेकला. जमीन गार होती. तेवढंच तिला कळलं. आपल्याला आता रडू येईल, म्हणून तिने पदर हातात घेतला. पण आलं नाही. आतून सगळं कोणी सारवून ठेवल्यासारखं एकसारखं झालं होतं.

"ठेवला," ती म्हणाली.

"मग विचार ना."

"गेली का?"

तो रीतीप्रमाणे म्हणाला, "गेली."

तिने त्याला उताणं केलं, डोक्याखाली उशी दिली, आणि उरलेले तांदूळ निवडून टाकले. त्यात खडे फार होते. निवडता निवडता तिला एकच गोष्ट सरळ दिसली. जोवर घरात हा पाय शिल्लक आहे, तोवर हे लोक ह्यांना कुठेही नेणार नाहीत. आणि पाय ठेवला, गुण आला असं म्हटलं, तरी नेणार नाहीत.

मामी आली ती कौशल्याबाईशी पोथीतलं काही बोलत बोलत. तेजराम अंगणात बैल बांधत होता. वच्छला उंबरठ्याच्या बाहेर आली, जिथे माणसं पालथी निजत त्या जागेवर उभी राहिली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"मामी, मी ह्यांच्या अंगावर पाय ठेवला. नाई गेली."

मामी तिथेच ओट्यावर बसली. सुनेकडे तिने पाहिलंच नाही. पाय ठेवला ह्याचा धक्का मोठा की "नाई गेली" ह्याचा, ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. मग ती उठली, सुनेच्या पायाचा दोष धुवायला देवघरातून पाण्याचा तांब्या आणला, लेकाच्या अंगाखाली हात घालून त्याला कुशीवर केलं, आणि ओल्या फडक्याने त्याची पाठ पुसू लागली. कंबर पुसली, मांड्या पुसल्या, पोटऱ्या पुसल्या. आत यादोराव म्हणाला, "माय, पाठ झाली, आता पायाले लाव पाणी." मामीचा हात त्याच्या पोटरीवरच होता.

ती बाहेर आली तेव्हा तिचं तोंड उतरलं होतं. तेजरामाला म्हणाली, "बांधू नको बैल. जुंप."

भंडाऱ्याला एक रात्र ठेवून त्यांना नागपूरला पाठवलं. तिथे यादोरावाच्या पाठीचा फोटो काढला. डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण तोडून बोलणारे नव्हते. फोटो उजेडाला धरून त्यांनी दाखवलं, दोन मणी वाळवीने खाल्ल्यासारखे. मणक्याचा क्षय, म्हणाले. संध्याकाळी ताप यायचा का, वजन उतरलं का, असं सगळं विचारलं, आणि मग विचारलं, पाठीवर कोणी दाबलं होतं का. तेजरामाने गोमाजीचं सांगितलं. तेव्हा कटकट वाजून हाडं बसली होती, हेही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, तो आवाज हाड बसल्याचा नसतो, आपण बोटं मोडतो तेव्हा वाजतं तसाच सांधा वाजतो, आणि अशा सडलेल्या मणक्यावर गुडघा म्हणजे फार झालं. पुन्हा कोणी हात लावू नका.

"मी पाय ठेवला होता," वच्छला म्हणाली. "मी पायाळू आहे."

डॉक्टरांनी कागदावरून मान वर केली. ते विदर्भातलेच असावेत, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. ते म्हणाले, "तुमच्या पायानं काही झालं नाही, बाई. पण साधी चमक असती, तर तुम्ही पाय ठेवला असता की नसता ठेवला, आठ-पंधरा दिवसांत ती आपोआप गेलीच असती."

तिने मान हलवली. बाहेर बाकावर बसून ती तेच फिरवत राहिली. ज्यांनी "गेली" म्हटलं ते सगळे रीत म्हणून म्हणत होते. ह्यांनीही तसंच म्हटलं. हे कळल्यावर माणसाला काहीतरी व्हायला हवं, असं तिला वाटलं, आणि ती वाट बघत बसली. समोरून एक बाई शिजवलेल्या भाताचा डबा घेऊन गेली. वच्छलेला भूक लागल्याचं आठवलं.

यादोराव कितीतरी महिने प्लास्टरच्या साच्यात पडून राहिला. रोज इंजेक्शन, मुठीने गोळ्या. वच्छला खाटेखाली निजे. त्याला वळवायचं, पुसायचं, भरवायचं. हात आपोआप करत. पावसाळा संपता संपता एके दिवशी तो म्हणाला, पायांवर मुंग्या चालून राहिल्या. तिने चादर झटकून पाहिली. मुंग्या नव्हत्या. डॉक्टरांना सांगितलं तर ते पहिल्यांदाच हसले.

सानगडीला परत आले तेव्हा त्याच्या कमरेला चामड्याचा पट्टा होता आणि हातात काठी. गावाने तोवर आपलं ठरवून टाकलं होतं. कोणी म्हणे, नवऱ्यावर पाय ठेवला म्हणून त्याचे पाय गेले होते. कोणी म्हणे, छे, तिनं पाय ठेवला म्हणून तर तो वाचला, पण तिचा गुण मात्र तिथेच संपला. दुसरं मत जास्त चाललं. सकाळी दारात कोणी येईनासं झालं. सानगडीच्या बाहेरचा एखादा चुकून आलाच, तर वच्छला सांगे, आता माझ्याकडे नाही, दवाखान्यात दाखवा. मग तो हळहळत निघून जाई.

यादोराव एकदा चिडला. म्हणाला, "डॉक्टरनं काय सांगितलं ते लोकाइले सांगत काहून नाईस? गुण गेला म्हणतात, न्‌ तू ऐकून घेतेस."

"कोणाले सांगू? त्याइले गेला वाटते. माझ्या दारात कोणी निजत नाई, झालं ना मग."

मामी तिथेच वाती वळत बसली होती. जेवताना सुनेच्या ताटात तिने स्वतःच्या हाताने वाढलं.

पुढच्या माघात सप्ताह बसला. शेवटच्या दिवसाचं कीर्तन यादोरावाचंच ठेवलं होतं, बसून करा असा सगळ्यांचा आग्रह. त्याने ऐकलं नाही. तेजरामाने काठी धरली आणि तो उभा राहिला. डोळे मिटून त्याने सूर धरला. सूर थोडा खाली लागला होता, पण भरलेला होता. मृदंग आला, टाळ आले, माणसं डोलू लागली. मामी हात जोडून रडत होती. कौशल्याबाईही रडली.

वच्छला बायकांत मागे बसली होती. तिला पुढच्या माणसांच्या मधून जाजमाचा एक तुकडा दिसत होता, आणि त्यावर त्याची दोन पावलं. डावं पाऊल किंचित बाहेर वळलेलं होतं. ती त्याकडे बघत राहिली. बोटं सरकली की तिचा श्वास थांबे, पुन्हा टेकली की सुटे. गजर झाला, बुक्का वाटला, आरती झाली. तिने हात जोडले ते शेजारच्या बाईने जोडले म्हणून.

घरी जाताना कौशल्याबाईने तिला गाठलं. तिचं नाक अजून लाल होतं. म्हणाली, मागं काही ऐकू नाई आलं व, बाया नुसत्या रडून राहिल्या होत्या. आज काय सांगितलं बुवानं?

वच्छलेने आठवून पाहिलं. एक शब्दही तिच्या कानात नव्हता.

"उभे होते," ती म्हणाली. "शेवटपर्यंत उभे होते."